गिमवीची अंडी: सुटलेली आणि अडकलेली

१९५२ साली गाडगीळ आणि शहा यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावाबद्दल लिहिलं. गावकऱ्यांच्या लघवीत शिस्टोसोमा हीमॅटोबियम या कृमीची अंडी होती. आफ्रिकेतला म्हणून शिकवला जाणारा आजार कोकणात रुजला होता! पुढे त्यांनी फेरिसिया टेन्युइस या गोगलगायीपर्यंत माग काढला. काम भक्कमच आहे.

माझा आक्षेप आहे तो नोट्समधल्या ओळीला: 'कृमी मूत्राशयाला इजा करतो.' प्रौढ कृमी, नर-मादी जोडीने, शिरांमध्ये वर्षानुवर्षं गुपचूप राहतात. खरी इजा होते ती मूत्राशयाच्या भिंतीत अडकलेल्या अंड्यांमुळे. त्यांच्याभोवती आपल्याच पेशी जमून गाठ करतात, म्हणजे ग्रॅन्युलोमा. मग तिथे चिवट तंतू वाढतात, मूत्रवाहिनी आवळते, लघवी मागे तुंबते आणि मूत्रपिंड फुगतं. मूत्राशयाच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो. याच कुळातल्या कृमीची नुसती अंडी उंदरांच्या शिरेत टोचली, तरी फुप्फुसात तशाच गाठी झाल्या. तिथे कृमी नव्हताच!

आता गिमवीचा पुरावा पुन्हा वाचा. लघवीत दिसली ती सुटलेली अंडी. संसर्ग सिद्ध करायला ती पुरेशी आहेत, पण अवयव किती बिघडला हे ती सांगत नाहीत. जुन्या रोगात तर लघवीत अंडी कमी आणि आत चट्टे जास्त, असंही असतं. या विषयावर प्रपोजल लिहिणार असाल तर अंड्यांच्या मोजणीचा रकाना वेगळा ठेवा आणि त्याच्या शेजारी सोनोग्राफीचा हवाच.