जपलेला वारसा आणि सांगितलेला वारसा : ‘द पियानो लेसन’च्या निमित्ताने

१९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. मराठीत कृष्णवर्णीय साहित्याचा तौलनिक विचारही बव्हंशी विद्रोहाच्या सूत्राने होत आला. परिणामी, कुटुंब आणि वंशपरंपरागत स्मृती हे त्या साहित्याचे दुसरे केंद्र काहीसे उपेक्षित राहिले. ऑगस्ट विल्सन यांचे ‘द पियानो लेसन’ (प्रथम प्रयोग १९८७, पुलित्झर पारितोषिक १९९०) या दृष्टीने पुन्हा वाचावयास हवे.

नाटक घडते १९३६ साली, पिट्सबर्गमध्ये. चार्ल्स कुटुंबाच्या घरातील पियानोला पूर्वेतिहास आहे. गुलामगिरीच्या काळात सटर नावाच्या मालकाने तो पत्नीसाठी घेतला आणि मोबदल्यात या कुटुंबातील एक स्त्री व तिचा नऊ वर्षांचा मुलगा देऊन टाकला. मागे राहिलेल्या पतीकडून त्याने दोघांचे चेहरे पियानोवर कोरून घेतले. त्या कारागिराने मात्र आज्ञेपलीकडे जाऊन आपल्या साऱ्या कुळाचा इतिहास त्यावर कोरला. पुढे १९११ मध्ये त्याच्या नातवाने पियानो सटरांच्या घरातून आणला व त्यापायी प्राण गमावले. ज्या वस्तूसाठी माणसे विकली गेली, तीच त्या माणसांचा दस्तऐवज ठरली.

आता बॉय विलीला पियानो विकून सटरांची जमीन घ्यावयाची आहे; बहीण बर्निस त्याला ठाम विरोध करते. हा व्यवहार आणि भावना यांमधील संघर्ष आहे, असे मानणे अपुरे होय. पूर्वजांनी घाम गाळलेली जमीन स्वतःची करणे हीदेखील वारशाचीच एक कल्पना आहे. उलट, बर्निस पियानो जपते, पण वाजवीत नाही. मुलगी मरीथा हिला त्याची कथाही सांगत नाही. मुलीवर भूतकाळाचे ओझे नको, ही तिची भूमिका समजण्याजोगी आहे. तथापि मौनात जपलेला वारसा पुढील पिढीच्या दृष्टीने हरवल्यातच जमा होतो.

शेवटी सटरच्या भुतापुढे पाद्र्याची प्रार्थना निष्प्रभ ठरते, तेव्हा बर्निस पियानोवर बसून पूर्वजांना नावानिशी हाक मारते. जमिनीचा प्रश्न मात्र सुटत नाही. बॉय विली रिकाम्या हाताने परततो. ही उणीव नव्हे, नाटककाराचा प्रामाणिकपणा होय. मायलेकींनी पियानो वाजविणे सोडले, तर आपण आणि सटर दोघेही परतू, असे तो जाताना बजावतो. येथे आशा अशी सशर्त आहे. प्रत्येक पिढीने ती नव्याने वाजवावी लागते.