गिरडचे दगड, सिंहगडची घोरपड आणि कुमारांची कादंबरी

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यांत गिरड म्हणून गांव आहे. तेथील टेकडीवर शेख फरीद ह्या अवलियाचा दर्गा असून हिंदु व मुसलमान उभयतांची त्यावर श्रद्धा आहे. टेकडीवर वाटोळे दगड विखुरलेले आढळतात. भूस्तरशास्त्रज्ञ त्यांस झिओलाइट जातीच्या खनिजाचे गोळे म्हणतात. लोकांची कथा मात्र निराळी आहे. दोन फिरते व्यापारी नारळ वगैरे माल घेऊन चालले असतां त्यांनीं अवलियाची थट्टा केली, तेव्हां त्यानें त्यांचा सारा माल दगड करून टाकिला. व्यापारी शरण आले, तेव्हां वाळलेल्या पानांपासून त्यानें त्यांस नवा माल करून दिला; आणि तें सामर्थ्य पाहून ते दोघेही कायमचे त्याच्या सेवेंत राहिले. टेकडीवरील दोन कबरी त्यांच्याच होत, असें सांगतात. इंग्रजी अमदानींतील गॅझेटियरांत ही कथा नमूद असून अवलिया इ. स. १२४४ च्या सुमारास येथें स्थायिक झाला, अशी समजूतही तेथें दिली आहे. बाबा फरीद ह्यांची कबर पंजाबांत पाकपट्टण येथें आहे, हें सर्वश्रुत आहे. तेव्हां गिरडची कथा चरित्र म्हणून नव्हे, तर लोकश्रद्धेचा पुरावा म्हणून मोलाची आहे.

मध्ययुगीन दंतकथा घेऊन कुमार व तरुण वाचकांसाठीं कादंबऱ्या रचण्याची चाल अलीकडे सर्वत्र वाढली आहे. गिरडची कथा, किंवा प्रजेनें कर म्हणून दिलेल्या लोखंडी फाळांचें परिसानें सोनें करणाऱ्या पवनारच्या पवन राजाची कथा, ही अशा लेखकाच्या दृष्टीस आज ना उद्यां पडेलच. पडावी, असेंच आम्हांस वाटतें. परंतु कादंबरींत शिरलेली दंतकथा पुन्हा लोकांच्या तोंडीं परत जाते तेव्हां तिचें काय होतें, हें आधीं पाहिलें पाहिजे. त्यास आपल्याच इतिहासांतील सिंहगडच्या प्रसंगाएवढें उत्तम उदाहरण दुसरें नाहीं.

कोंडाणा घेतांना तानाजी मालुसरे पडला, ही गोष्ट माघ वद्य ९ शके १५९१, म्हणजे ४ फेब्रुवारी १६७० ची. कृष्णाजी अनंत सभासदानें सुमारें पाव शतकानंतर, १६९४ च्या सुमारास, आपली बखर लिहिली. तींत मावळे वानरांप्रमाणें कडा चढून गेले, इतकेंच आहे. घोरपडीचें नांव नाहीं. घोरपड येते ती शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यांत. जिजाबाईंची सोंगट्यांची खेळी व रायबाचें लग्न हीं प्रकरणेंही त्यांतलींच. हा पोवाडा ॲकवर्थ व शाळिग्राम ह्यांच्या संग्रहांतून १८९१ सालीं छापून निघाला. पुढें हरि नारायण आपटे ह्यांनीं 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी लिहिली व सती जाण्यास निघालेली कमलकुमारी ही रजपूत स्त्री उदयभानूच्या कैदेंत आणली. ही नायिका बखरींत नाहीं व पोवाड्यांतही नाहीं. ती आपट्यांच्या कल्पनेची कन्या होय. परंतु ह्या कादंबरीवरून बाबूराव पेंटर ह्यांनीं १९२३ सालीं मूकपट काढला, १९३३ सालीं शांताराम ह्यांनीं प्रभातचा बोलपट काढला, आणि २०२० सालच्या 'तान्हाजी' चित्रपटांतही कमल ह्या नांवाची बंदिवान स्त्री आहेच. आज ती अनेकांस इतिहासांतलीच वाटते.

खुद्द कादंबरीच्या नांवाचीही हीच गत. सभासदाच्या बखरींत महाराजांचे उद्गार एक गड मिळाला व एक गड गेला, अशा अर्थाचे आहेत. त्यांत सिंहाचा उल्लेख नाहीं. उलट सिंहगड हें नांव खुद्द शिवाजी महाराजांच्या १६६३ च्या पत्रांत आलेलें आहे. म्हणजे तानाजी पडण्याच्या सात वर्षें आधीं तो गड सिंहगड होता! तरीही तानाजीवरून गडास हें नांव पडलें, असें मुलें बिनदिक्कत सांगतात; आणि त्यांत मुलांचा दोष नाहीं.

युरोपांतही हेंच घडलें आहे. रॉबिन हूडच्या सर्वांत जुन्या कवनांत तो साधा गांवकरी बाण्याचा वाटमाऱ्या आहे. सॅक्सन व नॉर्मन ह्यांच्या वैराची पार्श्वभूमि त्याच्या कथेस प्रामुख्यानें मिळाली ती वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅन्हो' ह्या कादंबरीपासून. नंतरच्या मुलांच्या पुस्तकांनीं ती इतकी रुजविली कीं, आज तीच मूळची वाटते.

ह्यावरून कादंबरीकारांस दोष द्यावा, असें आमचें म्हणणें नाहीं. संशोधनाच्या कामांत पडलेल्यांपैकीं कित्येकांस बखरींचा नाद आपट्यांच्या किंवा नाथमाधवांच्या कादंबऱ्यांनींच प्रथम लाविला असेल. कल्पना करणें हा कादंबरीकाराचा हक्कच आहे. आमचा आक्षेप निराळा आहे. सिंहगडच्या बाबतींत बखर, शकावली, पत्र व पोवाडा हे चार थर आपणांजवळ वेगवेगळे शिल्लक आहेत, म्हणून पांचवा थर कादंबरीचा, हें आपण सिद्ध करूं शकतों. गिरडच्या कथेचे असे थर कोठें आहेत? इंग्रज अधिकाऱ्यांनीं लिहविलेला चार ओळींचा सारांश, आणि गांवांतील वृद्धांची स्मृति, एवढेंच तिचें भांडवल. उद्यां एखादी चांगली कादंबरी त्यावर निघाली व शाळाशाळांतून वाचली गेली, तर दहा वर्षांनीं गिरडचा वृद्ध जी कथा सांगेल ती कादंबरीची असेल. आणि तिच्याखालीं काय होतें, हें शोधण्यास साधन उरणार नाहीं.

शिवाय हानि केवळ तपशिलाची नसते, अर्थाचीही असते. गिरडची कथा नीट पाहिली तर तिचे चार भाग पडतात : थट्टा, शिक्षा, क्षमा आणि सेवा. दगड डोळ्यांस दिसतात म्हणून शिक्षेचा भाग लेखकास मोह घालणार, व चमत्कार घडतांच प्रकरण संपवावें, असें त्यास वाटणार. पण तेथें थांबल्यास क्षमेची कथा सूडाची होते. वाळलेल्या पानांचा नवा माल व त्या दोन कबरी ह्यांतच तिचें मर्म आहे; त्यांवांचून ती टेकडी उभय समाजांस आपली कां वाटते, हें कुमार वाचकास कळणार नाहीं. चमत्कार गाळून नुसतें खनिजशास्त्र सांगणाराही तिला तितकाच पारखा होतो.

पवनारच्या बाबतींत मोह आणखी निराळा आहे. वाकाटक द्वितीय प्रवरसेनाची प्रवरपूर ही राजधानी म्हणजे पवनार, असें वा. वि. मिराशी ह्यांनीं प्रतिपादिलें. मनसर येथील उत्खननानंतर त्याविषयीं मतभेद झाला आहे. आतां पवन व प्रवर हीं नांवें कानास जवळचीं लागतात, एवढ्यावर पांचव्या शतकांतील सम्राट् व परिसाचा राजा एकच करून टाकणें कादंबरीस सोपें जाईल. तें कादंबरींत खपेल. परंतु मुलांच्या मनांत एकदां बसलें म्हणजे ताम्रपटांनींही निघणार नाहीं.

ह्यास उपाय दोन आहेत. लेखकानें पुस्तकाच्या शेवटीं एक पान द्यावें व मूळ कथेंत काय होतें आणि आपण काय घातलें, तें स्पष्ट लिहावें. तरुण वाचकास ह्यानें कंटाळा येईल ही भीति व्यर्थ आहे. घोरपड कोठून आली हा शोध त्यास घोरपडीइतकाच रंजक वाटेल.

दुसरें काम संग्राहकांचें आहे, व तें लेखकाच्या आधीं झालें पाहिजे. पोथ्या व दप्तरें मिळविण्यासाठीं आपण वाडेच्या वाडे धुंडाळतों. परंतु तोंडची कथा हीही एक पोथीच असून तिचीं पानें रोज गळत आहेत. गिरड, पवनार व जिल्ह्यांतील अशा इतर गांवीं जाऊन प्रत्येक कथा सांगणाऱ्याच्याच शब्दांत उतरून घ्यावी. गांव, दिवस, सांगणाऱ्याचें वय, आणि त्यानें ती कोणापासून ऐकली, ह्या चार गोष्टी तिच्याखालीं टिपाव्या. पाठभेद आढळल्यास ते जुळवूं नयेत, तसेच ठेवावे. इतकें झालें म्हणजे कादंबरीकारानें खुशाल हवी तितकी कल्पना करावी. तिची नोंद घेण्यास आम्हांस आनंदच वाटेल, कारण ती कोठें सुरू झाली, हें तेव्हां आपणांस सांगतां येईल.