म्युऑनचे मौन आणि अतिसममिती

म्युऑनचे इलेक्ट्रॉन व फोटॉन यांत विघटन झाल्यास फ्लेव्हर, म्हणजे कणाचे कुळ, पालटते. प्रमाणित सिद्धांतात ही घटना मोजमापाच्या आवाक्याबाहेरची होय. १९८६ साली बोर्झुमाती व मासिएरो यांनी दाखविले की, लेप्टॉनांच्या अतिसममित जोडीदारांची वस्तुमाने उच्च ऊर्जेला समान मानली, तरी न्यूट्रिनोंच्या युग्मनांमुळे त्यांच्यात कुळांची सरमिसळ उद्भवते. या विवेचनाचे सामर्थ्य येथेच आहे, आणि मर्यादाही. स्वित्झर्लंडमधील पॉल शेरर संस्थेतील मेग प्रयोगाने २०१६ मध्ये दहा लाख कोटी विघटनांमागे ४.२, तर मेग-२ ने २०२५ मध्ये १.५ ही कमाल मर्यादा ठरविली. असे विघटन आढळले नाही. तथापि सरमिसळ तीच ठेवून जोडीदारांचे वस्तुमान दुप्पट मानले, की अपेक्षित प्रमाण सोळापट घटते, आणि सिद्धांत निभावून जातो. एखादे रूप ग्रंथात न आढळल्याने ते व्याकरणबाह्य ठरत नाही, हे खरे. परंतु प्रत्येक अनुपस्थितीसाठी नवा अपवाद पुरविणारे व्याकरणही काही सांगत नाही. म्हणून अतिसममिती खोटी ठरली हा निष्कर्ष उतावीळ, आणि ती अबाधित आहे हा पोकळ होय. वस्तुमान व सरमिसळ आधीच निश्चित करणारे प्रतिमानच या मौनाच्या कसोटीला उतरू शकते, किंवा तिच्यावर मोडू शकते.