खेळ, जुगार आणि लीळा : एका संकल्पनेची भाषिक विभागणी

योहान हुइझिंगा यांनी ‘होमो लुडेन्स’ (१९३८) या ग्रंथात खेळाच्या संकल्पनेचा विविध भाषांमधून मागोवा घेतला. ही संकल्पना सर्वच भाषांनी एका शब्दात सामावलेली नाही, हे त्यांचे महत्त्वाचे निरीक्षण होय. जर्मानिक भाषांचा इतिहास त्यास पुष्टी देतो. गॉथिक ‘लाइकन’चा अर्थ उडी मारणे असा होता. त्याच कुळातील स्वीडिश ‘लेका’ मुलांच्या मुक्त खेळापुरता उरला. नाटक, वाद्य, पत्ते आणि जुगार यांसाठी ‘स्पेला’ रूढ झाला. जर्मन ‘श्पील’ने मात्र हे सारे व्यवहार एकत्र ठेवले. इंग्रजी ‘गेम’च्या मुळाशी निव्वळ आनंद होता, पुढे त्याच कुळात ‘गॅम्बल’ आला.

हा प्रश्न केवळ व्युत्पत्तीचा नाही. विट्गेनस्टाइनची ‘भाषाखेळा’ची कल्पना आणि गाडामर यांचे कलाकृतीविषयीचे विवेचन, दोन्ही ‘श्पील’च्या या व्यापक अर्थक्षेत्रावर उभी आहेत. मराठीत त्यांचा विचार मांडताना ‘क्रीडा’, ‘खेळ’ की ‘लीला’ यांपैकी कोणता शब्द स्वीकारायचा, यावर त्या विचाराचे स्वरूपच अवलंबून राहते.

मराठीतील विभागणी वेगळी आहे. पत्ते, फुगडी, लेझीम, रंग आणि जुगार हे सारे ‘खेळले’ जातात. तमाशाचा आणि नाटकाचाही ‘खेळ’ होतो. वाद्य मात्र ‘वाजवले’ जाते. ‘खेळ रंगला’ या प्रयोगात कर्ता खेळाडू नसून खेळच असतो. खेळाचा खरा कर्ता खेळणारा नव्हे, हा गाडामर यांचा सिद्धान्त मराठीच्या नित्याच्या वाक्यरचनेतच वावरतो. ‘जुगार’ हा शब्द ‘द्यूतकार’ या शब्दापर्यंत मागे नेला जातो. म्हणजे खेळणाऱ्याचे नाव खेळाला मिळाले आणि खेळणाऱ्यासाठी ‘जुगारी’ हा नवा शब्द घडवावा लागला. ‘पैज’ मुळात ‘प्रतिज्ञा’ आहे. पणाला लावणे आणि शब्दाला जागणे यांचे नाते तिच्यात टिकून आहे.

या शब्दसमूहातील ताण ‘लीळाचरित्रा’त विशेष तीव्रतेने जाणवतो. बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यातील गोदाकाठचे पांचाळेश्वर हे महानुभावांचे ‘आत्मतीर्थ’. ज्या परंपरेने अशा स्थानांची नोंद श्रद्धेने जपली, तिनेच श्रीचक्रधरांच्या आयुष्यातील प्रत्येक प्रसंगाला ‘लीळा’ म्हटले. या ग्रंथाच्या प्रारंभीच्या भागात भडोचच्या हरिपाळदेवांना द्यूताचे व्यसन आहे. ते हरतात, देणे फेडण्यासाठी पत्नी कमळाइसेकडे दागिने मागतात आणि ती नकार देते. या नकारातून विरक्तीचा आरंभ होतो. म्हणजे जुगाराचा प्रसंगही ‘लीळा’ या नावाखालीच सांगितला गेला आहे. भक्ताच्या दृष्टीने तो ईश्वराचा खेळ आहे. कमळाइसेच्या दृष्टीने मात्र तिच्या अंगावरचे दागिने मागणारे ते खरेखुरे कर्ज आहे. निवेदनाने दागिने नाकारणारी स्त्री वगळली नाही, हे म्हाइंभटांच्या गद्याचे सामर्थ्य होय.

म्हणूनच समीक्षेने ‘लीला’ ही संज्ञा सरसकट वापरणे धोक्याचे ठरते. लीलेत ईश्वर काहीही गमावत नाही. त्यामुळे संहितेतील अर्थांची चंचलता ‘लीला’ म्हणून वर्णिली की त्या चंचलतेची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न नाहीसा होतो. ‘क्रीडा’ हा शब्द शालेय मैदान आणि शासकीय खाते यांच्याशी इतका जखडला आहे की त्यातून जोखमीची जाणीव उमटत नाही. ‘खेळ’ हा शब्द अधिक रांगडा खरा. परंतु तो मांडता येतो, रंगतो, मोडतो आणि त्यात हरताही येते. मराठी समीक्षेला सिद्धान्ताची भाषा घडवायची असेल, तर हरण्याची शक्यता शिल्लक ठेवणारा हाच शब्द तिने पत्करणे अधिक न्याय्य ठरेल.