टोळीचे रिकामे केंद्र : फयाद यांची ‘ले व्हाँपीर’

गुन्हेगारी चित्रपटातील टोळीचा विचार बहुधा तिच्या सूत्रधारापासून सुरू होतो. सूत्रधार सापडला की व्यवस्था पूर्ववत होते, हे या प्रकाराचे गृहीतक. लुई फयाद यांची ‘ले व्हाँपीर’ (१९१५-१६) ही दहा भागांची फ्रेंच मूकपटमालिका हे गृहीतकच आतून पोखरते.

ग्रिफिथ यांच्या ‘द मस्केटियर्स ऑफ पिग ॲली’मध्ये (१९१२) टोळीला न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीचा संदर्भ आहे, त्यामुळे तिची सामाजिक कारणमीमांसा शक्य होते. फयाद यांच्या पॅरिसमधील टोळीला असे उगमस्थान नाही. ती प्रतिष्ठितांच्या दिवाणखान्यात, त्यांच्याच वेषात वावरते. कॅमेरा बहुतांशी स्थिर असतो आणि त्या स्थिर चौकटीतील परिचित भिंतच धोक्याची वाट ठरते. येथे गुन्हा बाहेरून येत नाही. तो घरातच असतो.

टोळीचे नायकत्वही एका व्यक्तीत सामावत नाही. पहिला म्होरक्या मारला जातो. पुढे सातानास येतो, त्याच्यानंतर व्हेनेनोस. माणसे जातात, जागा उरते. म्युझिडोरा यांनी साकारलेली इर्मा व्हेप या साऱ्यांना जोडते. तिसऱ्या भागात कॅबरेच्या फलकावरील तिच्या नावाची रोमन अक्षरे आपापली स्थाने बदलतात आणि ‘व्हाँपीर’ हा शब्द सिद्ध होतो. व्यक्तिनाम हे टोळीच्या नावाचीच फेरजुळणी आहे, हे मूकपट अक्षरांकरवी सांगतो.

ब्रेताँ, आरागाँ या अतिवास्तववाद्यांना ही मालिका मोहवून गेली. परंतु तिला निव्वळ स्वप्न मानले, तर इतिहास निसटतो. या काळात फ्रान्स महायुद्धात होता. कथेच्या अग्रभागी युद्ध नाही. तरी सातानास पॅरिसमधील खोलीत तोफ दडवतो आणि खिडकीतून डागतो. पाचव्या भागात मेजवानीचे पाहुणे वायूने बेशुद्ध करून लुटले जातात. एप्रिल १९१५मध्येच ईप्रच्या रणभूमीवर विषारी वायू सोडला गेला होता. हे दिग्दर्शकाचे हेतुपुरस्सर रूपक होते, असा दावा करण्याची गरज नाही. दडपलेला आशय रूपबंधातून प्रकटतो, एवढे पुरे.

अखेरीस टोळीचा निःपात होतो आणि पत्रकार गेराँदच्या पत्नीच्या गोळीने इर्मा मरते. कथानक मिटते, संरचना मिटत नाही. जी जागा पुनःपुन्हा भरली गेली, ती यापुढे रिकामीच राहील, अशी ग्वाही ही संहिता देत नाही.