बाण कोणत्या दिशेला?

झोपेत घशातील श्वासमार्ग मिटून श्वास पुन्हापुन्हा थांबतो व रक्तातील प्राणवायू घटतो, या विकाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. २०१९ साली ‘युरोपियन रेस्पिरेटरी जर्नल’मध्ये युरोपातील निद्राचिकित्सालयांत आलेल्या १९,५५६ जणांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतील ५,७८९ स्त्रियांपैकी १६० जणींना (२.८ टक्के) कर्करोगाचे निदान झालेले होते, १३,७६७ पुरुषांत हा आकडा २२८ (१.७ टक्के) होता. रात्री प्राणवायू जास्त घटणाऱ्या स्त्रियांत कर्करोग अधिक आढळला.

वय, वजन, धूम्रपान यांचा हिशेब संशोधकांनी धरला, हे चांगलेच. तरी ‘ॲप्नियामुळे कर्करोग होतो’ असे यावरून म्हणता येणार नाही. दोन्ही आजारांची नोंद एकाच वेळची आहे. आधी कोणता झाला हे तीतून कळत नाही. वर्गात फळ्यावर दोन्ही नावे लिहा आणि बाण कोणत्या दिशेला काढायचा, की दोन्हींकडे तिसऱ्याच कारणाकडून, हे विद्यार्थ्यांना विचारा.

अशा चर्चेत एक साधा प्रश्न मात्र मागे पडतो. ॲप्निया असलेल्या स्त्रिया अनेकदा घोरण्याऐवजी थकवा, निद्रानाश, डोकेदुखी सांगतात. कर्करोग झालेल्या बाईचा थकवा आजाराच्या आणि औषधांच्या खात्यावर मांडला जातो; रात्री तिचा श्वास अडतो का, हे कोणी विचारत नाही. मुखवट्यातून दाबाने हवा देणाऱ्या यंत्राने हा विकार आटोक्यात येतो. बाणाची दिशा ठरेपर्यंत हा प्रश्न विचारायचे थांबण्याचे कारण नाही.