बाईच्या नावावर किती? एका टक्केवारीची उलटतपासणी

स्त्रियांच्या मालमत्तेचा विषय निघाला की एक आकडा हमखास ऐकू येतो : ‘भारतातली जेमतेम १२ टक्के शेतजमीन स्त्रियांच्या मालकीची आहे.’ महिला दिनाच्या फलकावर, वक्तृत्व स्पर्धेतल्या भाषणात, वर्तमानपत्राच्या अग्रलेखातही तो असतो. याउलट राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी (२०१९-२१) सांगते, की देशातल्या सुमारे ४३ टक्के स्त्रियांच्या एकटीच्या किंवा सामाईक मालकीचे घर अथवा जमीन आहे. दोन्ही आकडे सरकारी कामातूनच आलेले आहेत. मग खरा कोणता?

एकाच भांड्यातल्या पाण्याचे तापमान एका तापमापकाने १२ आणि दुसऱ्याने ४३ दाखवले, तर आपण विद्यार्थ्यांना काय सांगू? आधी तापमापक तपासा, आणि दोन्ही एकाच भांड्यात बुडवले होते का तेही पाहा. सामाजिक मोजमापांच्या बाबतीत मात्र ही सवय आपण विसरतो आणि ज्याला जो आकडा सोयीचा, तो त्याने उचलला असे होते. या लेखात तापमापकांचीच तपासणी करायची आहे.

मोजले काय?

१२ टक्क्यांचा आकडा कृषी गणनेतून येतो. २०१५-१६च्या गणनेनुसार देशातल्या सुमारे १४ टक्के वहिती खात्यांच्या खातेदार स्त्रिया होत्या आणि त्यांच्याकडे वहितीखालील सुमारे १२ टक्के क्षेत्र होते. पण कृषी गणनेतले ‘वहिती खाते’ म्हणजे मालकी नव्हे. जी जमीन एक व्यक्ती, एकटी किंवा इतरांसह, एक शेती म्हणून कसते ते वहिती खाते. मालकी कोणाची याचा विचार न करता ते मोजावे, असे तिच्या व्याख्येतच म्हटले आहे. महाराष्ट्रासारख्या राज्यांत ही माहिती गावच्या दप्तरातल्या नोंदींवरून संकलित होते, त्यामुळे वहिवाट आणि मालकी यांची सरमिसळ होणे सोपे जाते. तरीही मालकीचा पुरावा म्हणून हा आकडा वापरणे चूकच आहे.

गंमत अशी, की मालकी खरोखर मोजणाऱ्या एका अभ्यासाचे उत्तर याच्या जवळच येते. प्रा. बीना अगरवाल यांचे दक्षिण आशियातील स्त्रिया आणि जमीन या विषयावरचे पुस्तक १९९४ साली आले. पुढे २०२१ साली त्यांनी सहकाऱ्यांसह इक्रिसॅट या संस्थेची नऊ राज्यांतली २००९ ते २०१४ची माहिती तपासली. आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातील कंझरा गावाचा अभ्यास ही संस्था १९७५ पासून करत आली आहे. जमीनधारक ग्रामीण कुटुंबांतल्या मालकांपैकी स्त्रिया जेमतेम १४ टक्के आणि त्यांच्याकडे सुमारे ११ टक्के जमीन, असा त्यांचा निष्कर्ष होता. दोन आकडे जुळले म्हणून दोन व्याख्या जुळत नाहीत, हे येथे लक्षात ठेवावे. शिवाय या अभ्यासाने कृषी गणनेत कधीच न दिसणारी एक गोष्ट नोंदवली. जमीन मिळालेल्या बहुसंख्य स्त्रियांना ती सासरकडून, बहुधा नवऱ्याच्या मृत्यूनंतर मिळाली होती. मुलगी म्हणून माहेरची जमीन मिळालेल्या त्या मानाने थोड्या. टक्केवारीपेक्षा हे निरीक्षण मला अधिक मोलाचे वाटते.

अंश तोच, छेद निराळा

आता अपूर्णांकाकडे वळू. चिखली तालुक्यातील अमडापूरसारखे एक गाव डोळ्यांसमोर आणा. पुढचे आकडे केवळ गणितासाठी कल्पिलेले आहेत. समजा, गावात १०० जमीनधारक कुटुंबे आहेत. प्रत्येकात दोन प्रौढ पुरुष आणि दोन प्रौढ स्त्रिया, म्हणजे २०० पुरुष आणि २०० स्त्रिया. सातबाऱ्यांवर एकूण १२५ जणांची नावे आहेत : १०० पुरुष आणि २५ वेगवेगळ्या कुटुंबांतल्या २५ स्त्रिया. एकूण जमीन २५० हेक्टर. त्यापैकी स्त्रियांच्या वाट्याला २० हेक्टर.

या एकाच दप्तरातून किती उत्तरे निघतात पाहा. ‘किमान एका स्त्रीच्या नावे जमीन असलेली कुटुंबे’ : २५ टक्के. ‘जमीनमालकांमध्ये स्त्रिया’ : १२५ पैकी २५, म्हणजे २० टक्के. ‘स्त्रियांपैकी जमीनमालक’ : २०० पैकी २५, म्हणजे साडेबारा टक्के. ‘एकूण जमिनीत स्त्रियांचा वाटा’ : ८ टक्के. चारही उत्तरे बरोबर आहेत आणि चारही ‘स्त्रियांची मालकी’ या एकाच मथळ्याखाली छापता येतात. ज्याला परिस्थिती बरी दाखवायची तो पहिले घेईल, ज्याला वाईट दाखवायची तो शेवटचे.

यांपैकी तिसरे उत्तर एकट्याने वाचण्यातही धोका आहे. साडेबारा टक्के कमी आहेत की जास्त? २०० पुरुषांपैकी १०० जण, म्हणजे ५० टक्के मालक आहेत, हे कळल्यावरच त्याला अर्थ येतो. पुरुषांच्या एक चतुर्थांश, ही खरी तफावत. स्त्री-पुरुषांमधला फरक मोजायचा तर दोघांनाही मोजावे लागते. हे उघड आहे, पण पुष्कळ लेखांत पुरुषांचा आकडाच दिलेला नसतो.

विचारले कोणाला?

कुटुंब आरोग्य पाहणी दप्तर पाहत नाही. ती स्त्रीलाच विचारते. हा तिचा मोठा गुण आहे. पण ही पाहणी मुळात आरोग्याची आणि प्रजननाची. म्हणून ती १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांनाच विचारते. जमीन मुख्यतः वैधव्यानंतर नावावर येत असेल, तर पन्नाशीपुढच्या स्त्रिया वगळणे म्हणजे ज्या मळ्यात पीक आहे तोच सोडून बाकीच्याचा उतारा काढणे. शिवाय घर आणि जमीन येथे एकाच आकड्यात मोजली जातात, आणि सामाईक मालकीत वाटा किती हे कळत नाही. एका खोलीच्या घरात दीरजावांसह नाव असलेली आणि दहा एकर बागायतीची मालकीण, दोघींची किंमत येथे एकच.

या पाहणीतला महाराष्ट्राचा आकडा तर कोड्यात टाकणारा आहे. २०१५-१६च्या चौथ्या फेरीत राज्यातल्या सुमारे ३४ टक्के स्त्रियांनी मालकी असल्याचे सांगितले. पाचव्या फेरीत सुमारे २३ टक्के स्त्रियांनी. चार-पाच वर्षांत राज्यातल्या मालकिणींपैकी एक तृतीयांश निर्धन झाल्या? एवढी जमीन आणि एवढी घरे हातची गेली असती तर दुय्यम निबंधकांच्या कचेऱ्यांसमोर रांगा लागल्या असत्या. नमुना काही हजारांचा असल्यामुळे नमुना निवडीतल्या योगायोगानेही एवढा फरक पडत नाही. तेव्हा संशय घ्यावा तो मापनपट्टीवर : प्रश्न कसा उच्चारला, ‘मालकी’ या शब्दाने त्या बाईला काय कळले, विचारताना जवळ सासू बसली होती की नवरा. प्रयोगशाळेत असा निकाल आला असता तर आपण उपकरणाचे अंशांकन पुन्हा केले असते. येथे मात्र दोन्ही आकडे शेजारी छापून ‘घट’ म्हणून मोकळे होतात.

उत्तर कोण देतो याने उत्तर बदलते का, हे प्रयोगाने तपासता येते. युगांडात २०१४ साली असा प्रयोग झाला. कुटुंबांचे पाच गट केले : कोठे ‘सर्वांत जाणकार’ सदस्याला विचारले, कोठे यदृच्छया निवडलेल्या एकाला, कोठे नवराबायकोला एकत्र, आणि दोन गटांत प्रौढांना वेगवेगळे बसवून एकाच वेळी. अशा अनुभवांवरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०१९ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. कुटुंबप्रमुखाला सर्वांविषयी विचारून भागवू नये, ज्याची मालमत्ता त्यालाच विचारावी, हा त्यांचा गाभा आहे.

व्यक्तीला विचारून, मालमत्तेची किंमतही काढली तर काय दिसते याचे उदाहरण शेजारच्या कर्नाटकात आहे. २०१०-११ साली बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील संशोधकांनी तेथे पाहणी केली; इक्वेडोर आणि घाना या देशांतही तशीच झाली. कुटुंबांच्या भौतिक संपत्तीत स्त्रियांचा वाटा इक्वेडोरमध्ये ५२ टक्के, घानात ३० आणि कर्नाटकात १९ टक्के निघाला. संशोधकांनी दिलेले कारण विचार करण्याजोगे आहे. इक्वेडोरमध्ये लग्नानंतर मिळवलेली मालमत्ता कायद्याने दोघांची होते, आणि वारसाही मुलगा-मुलींना सारखा मिळतो. आपल्याकडे लग्न झाले तरी ज्याच्या नावे खरेदी त्याचीच मालमत्ता.

नाव आणि अधिकार

राष्ट्रसंघाच्या सूचनांत मालकीचे तीन पदर सांगितले आहेत : स्वतः मालक समजणे, कागदावर नाव असणे, आणि विकण्याचा किंवा मृत्युपत्राने देण्याचा अधिकार असणे. शाश्वत विकास उद्दिष्टांतला शेतजमिनीचा निर्देशांक कागदावरचे नाव, विकण्याचा अधिकार आणि वारशाने देण्याचा अधिकार यांपैकी कोणतेही एक असले तरी व्यक्तीला मोजतो. ज्या देशांत जमिनीचे कागदच नाहीत तेथे ही सवलत योग्य आहे. महाराष्ट्रात कागदांना तोटा नाही. येथे तीन पदर एकत्र केले की नेमकी आपली अडचण झाकली जाते : नाव आहे, अधिकार नाही.

नाव लावण्याचे प्रयत्न येथे बरेच झाले. शेतकरी संघटनेने १९९०च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली. शेतकऱ्यांनी आपखुशीने बायकोच्या नावे जमीन केली. शासनाने १९९२ साली पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्यासाठी परिपत्रक काढले. १ एप्रिल २०२१ पासून स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. यातून नावांची संख्या वाढते, ते चांगलेच. मात्र सवलतीपोटी लागलेले नाव आणि बाईने स्वतः ठरवून केलेली खरेदी यांत फरक करायचा तर ‘विकायचे कोण ठरवते?’ हा प्रश्न वेगळा विचारून त्याचे उत्तर वेगळ्या रकान्यात लिहिले पाहिजे.

म्हणून नाव नुसते शोभेचे असते असेही नाही. पीककर्ज, नुकसानभरपाई, २०१९ साली सुरू झालेली किसान सन्मान निधी योजना, सगळे नावावर अडते. ‘मकाम’ या महिला किसान मंचाने २०१८ साली विदर्भ-मराठवाड्यातल्या ११ जिल्ह्यांत आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या ५०५ स्त्रियांची पाहणी केली. नवऱ्यामागे जी शेती त्या कसत होत्या, तिचा हक्क ४० टक्के स्त्रियांना तोवर मिळालेला नव्हता. अशा बाईला सरासरीचा काही उपयोग नाही.

साठा नव्हे, प्रवाह मोजा

माझा मुख्य आक्षेप आणखी वेगळा आहे. वरची सर्व मोजमापे साठ्याची आहेत : आज कोणाकडे किती. जमीन पिढीतून एकदाच हात बदलते, म्हणून साठा फार सावकाश हलतो. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध वाटा दिला; २००५पूर्वी वडील वारले असले तरी तो मिळतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. या कायद्यांचा परिणाम झाला का, हे साठ्यावरून कळायला चाळीस वर्षे थांबावे लागेल. त्यातही सातबाऱ्यावर ‘ए.कु.क.’, म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता, अशी एका पुरुषाची नोंद असली की तिच्यामागे असलेला मुलीचा हक्क दिसतच नाही.

प्रवाह मात्र आजही मोजता येतो, कारण तो गावच्या दप्तरातच आहे. फेरफार नोंदवहीत प्रत्येक वारसनोंद तारखेसह असते. मग असे विचारावे : गेल्या वीस वर्षांतल्या वारसनोंदींपैकी किती ठिकाणी मुलींची नावे लागली? लागलेल्या नावांपैकी किती पुढे हक्कसोडपत्राने कमी झाली, आणि किती दिवसांत? पहिला अपूर्णांक कायदा गावापर्यंत पोचल्याचे सांगेल, दुसरा भावाच्या अंगणात त्याचे काय झाले ते सांगेल. मुलींची नावे लागण्याचे प्रमाण वाढत असेल आणि त्याच गतीने हक्कसोडही होत असेल, तर साठ्याच्या आकड्यात काहीच घडलेले दिसणार नाही. प्रत्यक्षात बरेच घडून विरलेले असेल. हे काम एखाद्या तालुक्यापुरतेही करता येण्याजोगे आहे. नावे गाळून फक्त संख्या घेतल्या की कोणाच्या खाजगी गोष्टींना धक्का लागत नाही.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. आठवी-नववीच्या वर्गात वरचे १०० कुटुंबांचे कोष्टक फळ्यावर मांडा आणि चार गटांना चार वेगळी उत्तरे काढायला सांगा. मुलांना घरचे सातबारे मात्र आणायला सांगू नका. तो त्या त्या घराचा प्रश्न आहे. उत्तरे निघाल्यावर प्रत्येक गटाने आपल्या उत्तराला साजेसा मथळा लिहावा आणि बाकीच्यांनी त्याचा अंश, छेद आणि उत्तर देणारा कोण ते विचारावे. पुढच्या वेळी कोणी ‘१२ टक्के’ म्हणाले, तर त्या वर्गातली एखादी मुलगी नक्की विचारेल : कशाचे १२ टक्के?